“जगावंसं वाटत नाही” असं कुणी म्हणालं, तर आरोग्य केंद्रात काय करायचं?

वाचकाचं पत्र

मी नवी मुंबईतल्या एका नागरी आरोग्य केंद्रात एएनएम (परिचारिका) आहे. भागात निम्म्या चाळी, बाकी एमआयडीसीत कामाला जाणारे भाडेकरू. दोन महिन्यांपूर्वी आमच्याच ओपीडीला येणाऱ्या एका बाईने जीव दिला. डोकं दुखतं, अंग दुखतं, झोप नाही म्हणून ती तीनदा येऊन गेली होती आणि दर वेळी गोळ्या घेऊन गेली. तेव्हापासून मला चैन नाही. मध्ये एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, पण त्याने भीतीच वाढली. मी विचारलं आणि नसलेला विचार तिच्या डोक्यात घातला तर? ती ‘हो’ म्हणाली तर पुढे काय? ओपीडीत रोज शंभर केसपेपर, वेगळी खोली नाही, नवरा नाहीतर सासू शेजारी उभी. स्टाफमध्ये कुणी म्हणतं ही नाटकं असतात, कुणी म्हणतं ज्याला करायचंय तो करतोच, कुणी म्हणतं पोलिसांच्या भानगडीत पडू नका. माझ्या आशांना मी काय सांगू?

उत्तर

ताई, आधी त्या बाईंबद्दल. तुम्ही एकट्याने हे ओझं उचलू नये. केसपेपर काढणाऱ्यापासून औषध देणाऱ्यापर्यंत तुमच्या केंद्रात “मनात मरणाचे विचार येतात का” हे विचारणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. जे कुणाचंच काम नसतं ते राहून जातं. पण त्या तीनदा आल्या होत्या, ही गोष्ट सोडून द्यायची नाही. आत्महत्येने गेलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के माणसं शेवटच्या महिनाभरात प्राथमिक आरोग्यसेवेत कुणा ना कुणाला भेटून गेलेली असतात, असं बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ मोजके, त्यामुळे चाळीतल्या बाईला किंवा कंत्राटी कामगाराला जवळचं दार तुमचंच. आणि त्या दारात येऊन “मला जगायचं नाही” असं कुणी आपणहून म्हणत नाही. डोकं, पाठ, छातीत धडधड, झोप, भूक, अशक्तपणा हीच तक्रार असते.

विचारल्याने विचार डोक्यात जात नाही. हा प्रश्न अनेक देशांत तपासला गेला आहे आणि उत्तर एकच आलं आहे: स्पष्ट विचारल्याने धोका वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं प्राथमिक सेवेसाठीचं मार्गदर्शनही थेट विचारा असंच सांगतं. ज्याच्या मनात विचार आहे तो लाजेने आणि धसक्याने तो लपवत असतो, कुणीतरी शांतपणे विचारलं की बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. ज्याच्या मनात विचार नाही तो “नाही हो, तसलं काही नाही” म्हणून पुढे जातो.

मात्र कसं विचारता यावर बरंच अवलंबून आहे. “तसलं काही डोक्यात नाही ना?” असं विचारलं की उत्तर “नाही” येणार, कारण प्रश्नातच आपण ते मागितलेलं असतं. “वेडंवाकडं काही करणार नाही ना?” हाही त्यातलाच. आधी त्रासाला नाव द्या, मग एकेक पायरी पुढे जा. “ताई, इतके दिवस झोप नाही, घरचा ताण आहे. अशा वेळी बऱ्याच जणांना वाटतं की हे जगणं नको. तुम्हाला तसं वाटतं का?” उत्तर “हो” किंवा नुसतं गप्प राहणं आलं, तर: “स्वतःचा जीव घ्यावा असा विचार मनात येतो का?” मग: “गेल्या आठवड्यात किती वेळा आला? आला की किती वेळ टिकतो?” मग: “कसं करायचं हे ठरवलं आहे का? त्यासाठी काही आणून ठेवलं आहे का?” मग: “याआधी कधी असं करायचा प्रयत्न झाला होता का? केव्हा?” आणि शेवटी: “आतापर्यंत कशामुळे थांबलात?” शेवटचा प्रश्न गाळू नका, तिला धरून ठेवणारी गोष्ट कोणती हे तोच सांगतो. प्रत्येक प्रश्नानंतर पाच-सहा सेकंद गप्प राहा. ओपीडीत हे सगळ्यात अवघड जातं. आपण घाईने दुसरा प्रश्न टाकतो आणि ओठावर आलेलं उत्तर परत आत जातं.

शंभर जणांना विचारायचं नाही. विचारायचं ते अशांना: वारंवार येऊनही तपासणीत काही न सापडणारी दुखणी, पंधरा दिवसांहून जास्त झोप उडालेली, नुकतीच बाळंत झालेली आणि बाळाकडे न बघणारी, घरात मारहाण, दारू, कर्ज, सुटलेली नोकरी, क्षयरोगासारखा लांबलेला आजार, घरात नुकताच झालेला मृत्यू, आणि सगळ्यात वर, आधीचा प्रयत्न. आधीचा प्रयत्न ही धोक्याची सर्वांत मोठी खूण आहे. पुरुषांना विसरू नका. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या आकडेवारीत देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत जास्त. देशभरात दहापैकी सात पुरुष होते आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवरचे. हे पुरुष तुमच्याकडे बीपीसाठी, टीबीच्या गोळ्यांसाठी, नाहीतर कामावर लागलेल्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी येतात. ड्रेसिंगची पाच मिनिटं ही विचारायची चांगली वेळ असते, नजरेला नजर द्यावी लागत नाही.

तुमच्या आशा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-मधुमेहासारख्या आजारांचा धोका घरोघरी तपासायचा कागद, भरतात. त्यात शेवटी दोन प्रश्न मनाचे आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, उदास-निराश वाटलं का. बेरीज ३ च्या वर गेली तर पुढे पाठवा असं फॉर्मच सांगतो, आमचं म्हणणं की ३ आली तरी पाठवा. इथे दोन भोकं आहेत, ती माहीत असू द्या. एक, फॉर्म तीस वर्षं आणि त्यावरच्यांचा, म्हणजे नवी नवरी, बारावीचा मुलगा, पहिल्या नोकरीचा पोरगा यात येतच नाही. दोन, त्या दोन प्रश्नांत मरणाच्या विचारांबद्दल एक अक्षर नाही. ते पीएचक्यू-९ च्या, म्हणजे नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या यादीच्या, नवव्या प्रश्नात आहे. त्यामुळे बेरीज काहीही येवो, नवव्या प्रश्नाला ‘काही दिवस’ एवढं जरी उत्तर आलं तरी वरचे प्रश्न विचारायचेच. कागदावरची कमी बेरीज म्हणजे धोका नाही, असं धरू नका. हे विचार दिवसागणिक चढउतार होणारे असतात आणि सकाळी हसून गेलेल्या माणसाची संध्याकाळ वेगळी असू शकते.

जागेचं बघू. वेगळी खोली मिळेपर्यंत थांबलात तर वर्ष जाईल. वजनकाटा किंवा बीपीचं टेबल भिंतीकडे वळवा, रुग्णाची पाठ रांगेकडे येईल असं. लसीकरण नसलेल्या दिवशी लसीकरणाची खोली रिकामी असते, तिचे दोन तास मागून घ्या. सोबतच्या नवऱ्याला किंवा सासूला “तुम्ही बाहेर जा” म्हटलं की संशय येतो. “दादा, एवढी चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीवर नंबर लावा, तोवर मी यांची तपासणी करते” म्हटलं की दहा मिनिटं मिळतात. एवढ्यात वरचे सहा प्रश्न होतात. सासू ऐकत असताना मात्र हे प्रश्न विचारू नका. खोटं उत्तर मिळेल आणि घरी गेल्यावर त्याचा जाब तिला द्यावा लागेल.

आणि केसपेपर. तो रुग्णासोबत घरी जातो, घरातले सगळे वाचतात. त्यावर “आत्महत्येचे विचार” असं लिहून पाठवणं म्हणजे तिची गोष्ट घरभर वाचून दाखवणं. केसपेपरवर ‘झोप-ताण, पुनर्तपासणी’ एवढंच. तपशील केंद्रातल्या बंद रजिस्टरमध्ये, तारीख-वेळेसह, तिच्याच शब्दांत: विचार आहेत/नाहीत, ठरवलेलं काही आहे/नाही, आधीचा प्रयत्न, घरात कोण विश्वासाचं, कुणाला कळवलं, पुढची भेट कधी. “हे कुणाला सांगू नका” असं ती म्हणेल. तेव्हा खोटं वचन देऊ नका. सांगा: “इथल्या कुणाला गरजेशिवाय कळणार नाही. पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर तुम्हाला सांगूनच एखाद्या विश्वासाच्या माणसाला आणि डॉक्टरांना कळवीन.” मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो आणि जिवाचा धोका टाळण्यापुरती माहिती सांगायला मुभाही देतो.

आता ती ‘हो’ म्हणाली. तुमचा चेहरा बदलू देऊ नका आणि लगेच समजावू नका. “मुलांकडे बघ”, “देवाचं नाव घे”, “लोकांना किती दुःख असतं” हे प्रेमाने म्हटलं तरी तिच्या अपराधीपणात भरच घालतं. मुलांचं नाव तिने स्वतः घेऊ दे. तुम्ही एवढंच म्हणा, “सांगितलंत ते बरं केलंत. आता पुढचं आपण दोघी मिळून बघू.”

पुढचं काय, ते तिच्या उत्तरांवर आहे. नुसतं “सुटले तर बरं” वाटतं, ठरवलेलं काही नाही, आधीचा प्रयत्न नाही: त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा, खालचा कागद भरा, दोन-तीन दिवसांत फोन आणि आठवड्याच्या आत भेट. विचार रोजचे आहेत किंवा आधी प्रयत्न झाला आहे, पण आत्ता लगेच काही करायचा इरादा नाही: केंद्रातूनच टेली-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, तुम्ही स्वतः फोन लावा आणि बोलणं सुरू झालं की फोन तिच्या हातात द्या. ही सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जोडीला एक-दोन दिवसांतली मानसोपचार ओपीडीची वेळ आणि घरचं एक माणूस. ठरवलेलं आहे, साधन जवळ आहे, ती आजच करीन म्हणते, नुकताच प्रयत्न झाला आहे, कानात आवाज येतात किंवा माणूस नशेत आणि बेभान आहे: त्या माणसाला एक क्षणही एकटं सोडू नका, बाथरूमपर्यंतही सोबत, आणि सोबत देऊनच रुग्णालयात. काही घेतलं असेल तर १०८, मिनिटाचाही विलंब नको, मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही, बाटली किंवा पाकीट सोबत न्यायचं.

तो कागद म्हणजे सुरक्षिततेचा आराखडा. एका पानाचा, तिच्या हस्ताक्षरात किंवा तिच्या शब्दांत, वीस-तीस मिनिटांचं काम. त्यात सहा गोष्टी: विचार वाढायला लागले हे तिला कशावरून कळतं (उदाहरणार्थ, रात्री उठून गॅलरीत जाऊन बसणं), त्या वेळी एकटीने काय केलं तर वेळ टळते, कुठे किंवा कुणाकडे जाऊन बसता येतं, मनातलं कुणाला सांगता येतं (नाव आणि नंबर), दवाखान्याचे आणि १४४१६ चे नंबर, आणि घर सुरक्षित कसं करायचं. सहावी गोष्ट बहुतेक जण घाईत सोडतात, आणि तीच सर्वांत उपयोगी. उरलेल्या गोळ्या, झुरळा-उंदरांची औषधं, कीटकनाशकं काही दिवस घराबाहेर, बहिणीकडे किंवा शेजारी कुलपात. हे घरच्या विश्वासाच्या माणसाकडून त्याच दिवशी करून घ्या आणि संध्याकाळी फोनवर “झालं का?” विचारा. कागद घरच्यांच्या नजरेला पडायला नको असेल तर तिच्या मोबाइलमध्ये फोटो. “असं काही करणार नाही” अशी शपथ किंवा सही मात्र घेऊ नका. तिने धोका कमी होतो याला पुरावा नाही, उलट पुढच्या वेळी ती तुमच्यापासून लपवते.

“ज्याला करायचंय तो करतोच” याचं उत्तर इथेच आहे. टोकाची ऊर्मी बहुधा थोडा वेळच टिकते, ती वेळ टळली आणि साधन हाताशी नसलं की बरेच जण वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. माणसांची दुःखं तीच होती. “नाटकं असतात” म्हणणाऱ्या सहकाऱ्याला एवढंच विचारा: मदत मागायला याहून सोपा मार्ग असता तर ती बाई इथवर आली असती का? बोलणारे करत नाहीत ही समजूत साफ चुकीची आहे, अनेकांनी आधी कुणाला तरी सूचित केलेलं असतं. आणि प्रयत्नानंतर केंद्रात आलेल्या मुलीला ड्रेसिंग करताना टोमणा मारणं म्हणजे पुढच्या वेळी ती तुमच्याकडे येणार नाही याची सोय करणं आहे.

पोलिसांचं भय आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३०९ चं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५, जे २०१८ पासून लागू आहे, सांगतं की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ३०९ सारखं कलमच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं कलम २२६ तेवढं आहे. विषबाधा किंवा इजा घेऊन कुणी रुग्णालयात गेलं तर एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, ती रुग्णालयाची पद्धत आहे. “विचार येतात” असं सांगणं कुठलाच गुन्हा नाही आणि त्याची एमएलसीही होत नाही. रुग्ण अठराखालचा असेल तर पालकांना सामील करावं लागेल. त्यामागे लैंगिक अत्याचार निघाला तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा डॉक्टरांना लगेच सांगा. मारहाणीची केस असेल तर १८१ ची महिला हेल्पलाइन.

पाठवायचं कुठे? तुमच्या बाजूने महापालिकेचं वाशीचं रुग्णालय, ठाण्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी. “ठाण्याला जा” हे शब्द आपल्याकडे टिंगलीत वापरले जातात, त्यामुळे रुग्णाला एवढंच सांगितलं तर तो जाणार नाही. सांगा: “तिथे बाहेरच्या ओपीडीत डॉक्टर तपासतात, गोळ्या देतात, त्याच दिवशी घरी येता येतं.” नुसती चिठ्ठी देऊ नका. तिथे आधी फोन करा, वार आणि वेळ पक्की करा, जायला सोबत कोण ते ठरवा, आणि दुसऱ्या दिवशी गेली का ते विचारा. चिठ्ठी घेऊन घरी गेलेला आणि मध्येच हरवलेला रुग्ण हीच या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

पाठपुराव्याने जीव वाचतो याचा पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, प्रयत्नानंतर आलेल्या १,८६७ जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय तासाभराचं बोलणं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. अठरा महिन्यांनी आत्महत्येने झालेले मृत्यू नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के, फोन-भेटींच्या गटात ०.२ टक्के. फोनवर मोठं काही बोलायचं नसतं. कशा आहात, झोप कशी, गोळ्या चालू आहेत ना, पुन्हा विचार आला का. गरोदर बाईच्या तारखा जशा ठेवता तशाच या नऊ तारखा रजिस्टरमध्ये आधीच लिहून ठेवा.

डॉक्टरांशी बोलताना औषधाचं एक नम्रपणे सुचवा. झोपेची गोळी महिनाभराची देऊन पाठवू नये, नैराश्यावर तो उपचार नाही. नैराश्याची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात आणि पंचविशीखालच्यांत सुरुवातीला विचार वाढू शकतात, म्हणून सुरुवातीला आठवड्याचीच गोळी आणि आठवड्याला भेट. यात साठाही हाताशी राहत नाही.

आशांना फार शिकवू नका. त्यांनी तीन गोष्टी कराव्यात: ओळखायचं, एकच प्रश्न विचारायचा (“जगणं नको असं वाटतं का?”), आणि ‘हो’ आलं की त्याच तासात तुम्हाला फोन करायचा, तोवर तिथेच बसायचं. समुपदेशन त्यांचं काम नाही, आणि कुणाच्या घरची गोष्ट गल्लीत बोलायची नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगा. त्या बाईंच्या घरी कुणी गेलं नसेल तर तुम्ही जा, कारण अशा मृत्यूनंतर घरच्यांचा धोकाही वाढतो. का केलं, कसं केलं हे विचारू नका. कोण झोपत नाही, कोण जेवत नाही एवढं बघा. तुम्हाला स्वतःला झोप नाही, तेव्हा १४४१६ तुमच्यासाठीही आहे, वापरा.

या महिन्याच्या बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे एक पानाचा कागद ठेवा. त्यावर ‘हो’ आल्यावर कुणाला फोन, तो नसेल तर कुणाला, आणि ओपीडीनंतर व रविवारी कुणाला. वाशी आणि ठाण्याच्या ओपीडीचे वार. बंद रजिस्टर कुणाच्या कपाटात, किल्ली कुणाकडे. लसीकरणाच्या खोलीचे दोन तास कोणत्या वारी. प्रशिक्षणातून तुम्ही घाबरून आलात ते बहुधा यामुळेच की विचारायचं शिकवलं, पण ‘हो’ नंतर कुणाचा नंबर लावायचा ते कुणी दिलं नाही. त्यावर डॉक्टरांची सही घेऊन कागद बीपीच्या टेबलाच्या काचेखाली, रुग्णाला दिसणार नाही अशा बाजूला ठेवा, आणि नंबर दर तीन महिन्यांनी लावून बघा.